गाडीतल्या सीडी-प्लेअरसाठी गाण्यांची डिस्क तयार करताना

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. देवगडला आपण घेतलेल्या जुन्या गाडीत कंपनीनेच बसवलेला सीडी-प्लेअर आहे, त्याच्या दर्शनी भागावर एमपीथ्री असे छापलेले आहे, मात्र पेनड्राइव्ह लावण्याची सोय नाही. वडिलांच्या कॅसेटवरची भजने, नाट्यपदे आणि दशावताराची रात्रभराची ध्वनिमुद्रणे आपण लॅपटॉपवर उतरवून घेतली आहेत आणि ती प्रवासात ऐकायची आहेत. पहिली सीडी यंत्राने ओळखलीच नाही. दुसरी वाजली, पण क्रम उलटसुलट झाला, नावांच्या जागी नुसत्या आडव्या रेषा दिसल्या, एक पद कानठळ्या बसवणारे तर दुसरे ऐकूच येईना, आणि फोंडा घाट चढताना आवाज वारंवार तुटला. यंत्र बदलावे की सीडी करण्याची पद्धत, असे आपण विचारले आहे.

पद्धत बदलावी, असे माझे स्पष्ट मत आहे. आपण सांगितलेल्या पाच तक्रारींपैकी चार तक्रारींचे मूळ सीडी राइट होण्याच्या आधीच्या तयारीत आहे, आणि पाचवीचेही बऱ्याच अंशी तिथेच आहे. लॅपटॉप अनेक प्रकारच्या डिस्क वाचतो आणि चुकीची मांडणीही सांभाळून घेतो. गाडीतले यंत्र तसे नसते. ज्या काळात ते बनले त्या काळातले दोन-तीन साचे तेवढे त्याला ओळखता येतात. आपली डिस्क त्या साच्यात बसवणे हेच खरे काम आहे, आणि ते हार्डडिस्कवरच्या एका फोल्डरमध्ये शांतपणे पूर्ण करावे. राइट करण्याची शेवटची दहा मिनिटे त्या मानाने सोपी असतात.

सर्वप्रथम ऑडिओ सीडी करायची की एमपीथ्री फाइल्सची डेटा सीडी, हे ठरवावे लागते. फिलिप्स आणि सोनी या कंपन्यांनी १९८० साली ठरवलेल्या नियमांनुसार ऑडिओ सीडीवर दर सेकंदाला ध्वनीचे ४४,१०० नमुने, प्रत्येक नमुना १६ बिटचा आणि डावी-उजवी अशा दोन वाहिन्या असतात. म्हणजे सेकंदाला सुमारे १,४११ किलोबिट माहिती वाचली जाते. नेहमीच्या कोऱ्या सीडीवर असे ८० मिनिटांचे संगीत मावते आणि ट्रॅक ९९ पेक्षा जास्त करता येत नाहीत. त्याच ७०० एमबीच्या सीडीवर सेकंदाला १९२ किलोबिटच्या एमपीथ्री फाइल्स सुमारे साडेआठ तास, १२८ किलोबिटच्या साडेबारा तास आणि ३२० किलोबिटच्या पाच तास वाजतील इतक्या मावतात. देवगडहून मुंबईपर्यंतचा प्रवास आणि रात्रभराचे नाटक यांचा विचार केला, तर आपल्याला एमपीथ्री डिस्कच सोयीची पडेल. निवडक पंधरा-वीस नाट्यपदे उत्तम दर्जाने ऐकायची असतील, तर त्यांची मात्र वेगळी ऑडिओ सीडी करावी. कॅसेटवरून उतरवलेली मूळ वेव्ह फाइल, म्हणजे न दाबलेला पूर्ण ध्वनी, हाताशी असेल तर ती थेट ऑडिओ सीडीत घालावी, एमपीथ्री करून पुन्हा उलटे रूपांतर करू नये.

या दोन प्रकारांतला एक फरक आपल्या घाटातल्या तक्रारीशी संबंधित आहे. गाडीला धक्का बसला की लेझरची भिंग डिस्कवरच्या माहितीच्या रेषेवरून ढळते आणि ती पुन्हा जागेवर येईपर्यंतचा वेळ यंत्राला स्वतःजवळ साठवलेल्या माहितीवर काढावा लागतो. १२८ किलोबिटची एमपीथ्री फाइल ऑडिओ सीडीच्या अकराव्या हिश्श्याइतकीच जागा घेते, त्यामुळे तेवढ्याच साठ्यात अकरापट वेळाचे संगीत मावते. म्हणूनच खड्ड्यांच्या रस्त्यावर एमपीथ्री डिस्क बहुधा ऑडिओ सीडीपेक्षा कमी तुटते. उलट बाजूही सांगितली पाहिजे. ऑडिओ सीडीवर ओरखडा असेल, तर यंत्र हरवलेल्या नमुन्यांच्या जागी आजूबाजूच्या नमुन्यांवरून अंदाज बांधते आणि आपल्याला फार तर बारीकशी टिकटिक ऐकू येते. डेटा सीडीत असा अंदाज बांधता येत नाही. तिच्यात चुका दुरुस्त करण्याची एक जादा पातळी असते, पण तीही अपुरी पडली की यंत्र अडखळते किंवा थेट पुढच्या फाइलवर उडी मारते. एमपीथ्री डिस्क स्वच्छ ठेवण्याला जास्त महत्त्व आहे ते या कारणाने.

आता पहिल्या डिस्ककडे येऊ. यंत्राने ती ओळखली नाही याचे सर्वांत संभाव्य कारण विंडोजने विचारलेल्या एका प्रश्नात आहे. कोरी सीडी घातल्यावर विंडोज दोन पर्याय पुढे ठेवते: ‘लाइक अ यूएसबी फ्लॅश ड्राइव्ह’ आणि ‘विथ अ सीडी ऑर डीव्हीडी प्लेअर’. पहिला पर्याय आकर्षक वाटतो, कारण त्यात फाइल केव्हाही टाकता व काढता येते. परंतु त्यात डिस्कवर यूडीएफ नावाची मांडणी होते, जी बहुतेक जुन्या गाड्यांतल्या सीडी-प्लेअरना वाचता येत नाही. आपल्याला दुसरा पर्याय हवा. त्यात फाइल्स आधी एकत्र गोळा होतात आणि मग एकाच वेळी डिस्कवर उतरतात. विंडोज मीडिया प्लेअर वापरत असाल, तर त्यातही ‘ऑडिओ सीडी’ आणि ‘डेटा सीडी’ असे दोन प्रकार असतात. एमपीथ्रीसाठी डेटा सीडी निवडावी, अन्यथा तो प्रोग्राम सर्व फाइल्सचे ऑडिओ ट्रॅक करतो आणि ८० मिनिटांनंतर जागा संपल्याचे सांगतो.

मी स्वतः या कामासाठी इमग्बर्न वापरतो. तो विनामूल्य आहे, जुन्या लॅपटॉपवरही चालतो आणि काय करायचे ते स्पष्ट विचारतो. त्यात फाइल्सपासून डिस्क तयार करण्याचा विभाग उघडून फाइल सिस्टीमच्या जागी ‘आयएसओ ९६६० अधिक जोलिएट’ हा पर्याय निवडावा. लिनक्सवर केथ्रीबी हा प्रोग्राम तितकाच भरवशाचा आहे. कोणताही प्रोग्राम घेतला, तरी डिस्क एकाच सेशनमध्ये, म्हणजे एकाच दमात, लिहावी आणि शेवटी ती बंद करावी, म्हणजेच फायनलाइज करावी. सीडीवर जागा उरली म्हणून आठवड्याने आणखी चार पदे टाकली, तर दुसरे सेशन तयार होते आणि पुष्कळ यंत्रे पहिल्याच सेशनपाशी थांबतात. डिस्क उघडी ठेवली असेल, तर काही यंत्रे ती वाचायलाच नकार देतात. याच कारणाने एका डिस्कवर थोडे ऑडिओ ट्रॅक आणि थोड्या एमपीथ्री फाइल्स असे मिश्रणही करू नये, कारण अशा वेळी यंत्र सहसा ऑडिओ ट्रॅक तेवढे वाजवते आणि बाकीच्यांकडे दुर्लक्ष करते.

उलटसुलट झालेला क्रम आणि नावांच्या जागी आलेल्या आडव्या रेषा या दोन वेगळ्या तक्रारी वाटल्या, तरी त्यांचे मूळ एकच आहे. आपण फाइल्सना देवनागरीत नावे दिली असणार. आयएसओ ९६६० ही मांडणी फार जुनी असून तिच्या सर्वांत कडक पातळीत रोमन मोठी अक्षरे, अंक आणि अधोरेखा (अंडरस्कोर) एवढीच चिन्हे चालतात, आणि नाव आठ अक्षरांचे व त्यापुढे तीन अक्षरांचा प्रत्यय (एक्स्टेंशन) एवढेच असते. दुसऱ्या पातळीत ही मर्यादा ३१ अक्षरांपर्यंत वाढते. देवनागरी नाव या चौकटीत बसत नाही, म्हणून राइट करणारा प्रोग्राम त्यातल्या प्रत्येक अक्षराच्या जागी अधोरेखा घालतो. सगळ्याच नावांचे असे झाले की क्रम लावायला काही आधारच उरत नाही. जोलिएट ही त्याच डिस्कवर राहणारी दुसरी यादी असते आणि तिच्यात ६४ अक्षरांपर्यंत देवनागरी नावेही साठवता येतात, मात्र गाडीतल्या यंत्राने ती यादी वाचली, तरी त्याच्या छोट्या पडद्याकडे देवनागरी अक्षरांचे वळण नसते. त्यामुळे डिस्कवरची नावे रोमन लिपीतच ठेवावीत, हे मनाला पटत नसले तरी. संगणकावरच्या मूळ संग्रहात मात्र देवनागरी नावे तशीच राहू द्यावीत आणि डिस्कसाठी वेगळ्या फोल्डरमध्ये प्रती करून त्यांचीच नावे बदलावीत.

नाव देताना सुरुवातीला क्रमांक घालावा आणि तो दोन अंकी असावा: ०१, ०२, ०३ असा, अर्थात फाइलच्या नावात इंग्रजी अंकांत. नुसते १, २, ३ असे लिहिले, तर अक्षरक्रमाने लावताना १ नंतर १०, ११, १२ येतात आणि मग २ येतो. एका फोल्डरमध्ये ९९ पेक्षा जास्त फाइल्स असतील, तर तीन अंक घ्यावेत. क्रमांकानंतर अधोरेखा आणि मग पदाचे किंवा अभंगाचे पहिले दोन शब्द पुरेत. संपूर्ण नाव पंचवीस अक्षरांच्या आत ठेवले, तर आयएसओच्या दुसऱ्या पातळीत किंवा जोलिएटमध्ये ते कापले जात नाही. स्वल्पविराम, कंस, उद्गारचिन्ह, दोन टिंबे यांतले काहीही नावात नसावे. शेवटच्या प्रत्ययाआधीच्या टिंबाखेरीज दुसरे टिंब तर मुळीच नसावे.

फोल्डरांच्या बाबतीत माझा आग्रह एकाच पातळीचा आहे. ‘०१_भजन’, ‘०२_नाट्यपदे’, ‘०३_दशावतार’ अशा अर्थाचे रोमन नावांचे फोल्डर थेट डिस्कच्या मुळाशी असावेत आणि फाइल्स त्यांच्या आत. फोल्डरात फोल्डर अशी रचना काही यंत्रे सपाट करून वाजवतात, काही आतले फोल्डर ओलांडून जातात, आणि गाडी चालवणाऱ्या माणसाला बटणे दाबून त्यात वाट काढता येत नाही. एकही फाइल बाहेर सुटी राहू देऊ नये, कारण बहुतेक यंत्रे सुट्या फाइल्सना पहिला फोल्डर समजतात आणि पुढचे सगळे क्रमांक एकाने सरकतात. प्रत्येक यंत्राला किती फोल्डर आणि किती फाइल्स चालतात याची मर्यादा त्याच्या माहितीपुस्तिकेत दिलेली असते. पुस्तिका हाती नसेल, तर दहा-बारा फोल्डर आणि दीडशेच्या आत फाइल्स ठेवल्या की सहसा अडचण येत नाही.

फाइलच्या पोटातही एक नाव असते, त्याला टॅग म्हणतात. पुष्कळ यंत्रे फाइलचे नाव न दाखवता हा टॅग दाखवतात, म्हणून नावे नीट करूनही पडद्यावर भलतेच काहीतरी उमटते. एमपीथ्रीटॅग या प्रोग्राममध्ये सर्व फाइल्स एकदम निवडून जुने टॅग पुसावेत आणि फाइलच्या नावावरून नवे टॅग भरून घ्यावेत. तशी सोय त्यात आहे. टॅगची आवृत्ती २.३ ठेवावी, कारण त्यानंतरची २.४ ही आवृत्ती काही जुन्या यंत्रांना नीट कळत नाही. फाइलमध्ये मुखपृष्ठाचे मोठे चित्र चिकटवलेले असेल, तर तेही काढून टाकावे, कारण गाडीतल्या यंत्राला ते दाखवता येत नाही आणि ते ओलांडण्यात प्रत्येक पदाच्या आधी वेळ मात्र जातो. फोल्डरमधल्या चित्रांच्या, प्लेलिस्टच्या आणि विंडोजने किंवा मॅकने तयार केलेल्या लपलेल्या फाइल्सही राइट करण्यापूर्वी वगळाव्यात. मॅकवर प्रत्येक गाण्यामागे टिंबाने सुरू होणारी एक छोटी फाइल तयार होऊ शकते, आणि तिचा प्रत्ययही एमपीथ्रीच असल्याने गाडीतले यंत्र ती वाजवायला जाऊन अडकते.

रूपांतर करताना बिटरेट, म्हणजे सेकंदाला लागणारे किलोबिट, स्थिर घ्यावा. बदलता बिटरेट जागेच्या दृष्टीने चांगला असतो, पण जुन्या यंत्रांत त्यामुळे वेळ चुकीची दिसते आणि पुढे-मागे नेताना भलत्याच ठिकाणी उडी बसते. भजनांसाठी व पदांसाठी १९२ किलोबिट पुरेसे आहे. कॅसेटवर मुळातच एकवाहिनी असलेले जुने ध्वनिमुद्रण मोनोमध्ये ९६ ते १२८ किलोबिटला ठेवले, तरी कानाला फरक जाणवत नाही. नमुन्यांचा दर मात्र सर्वत्र ४४.१ किलोहर्ट्झच ठेवावा; कमी बिटरेट निवडल्यावर काही प्रोग्राम आपोआप तो अर्ध्यावर आणतात आणि अशा फाइल्स काही यंत्रे वाजवत नाहीत. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या ध्वनिफितींचा प्रकार वेगळा असतो. त्यांच्या नावाचा प्रत्यय बदलून एमपीथ्री लिहिल्याने त्या एमपीथ्री होत नाहीत, त्यांचे खरोखरच रूपांतर करावे लागते.

दशावताराच्या ध्वनिमुद्रणांकडे मी जरा जास्त लक्ष देण्याची विनंती करतो, कारण त्यांची डिस्क करताना गाण्यांचे नेहमीचे नियम पुरत नाहीत. चार-पाच तासांची एकच फाइल डिस्कवर टाकली, तर ती ऐकणे जवळजवळ अशक्य होते. गाडी पेट्रोलसाठी थांबली आणि यंत्राने जागा लक्षात ठेवली नाही, तर पुन्हा सुरुवातीपासून नेत नेत तिथवर यावे लागते. म्हणून नाटकाचे पंधरा ते वीस मिनिटांचे भाग करावेत. हे भाग घड्याळ लावून न पाडता नाटकाच्या रचनेप्रमाणे पाडावेत: आधी गणपती, सरस्वती, संकासुर यांचा आडदशावतार, त्यानंतर आख्यान, आणि आख्यानातही पात्राचा प्रवेश किंवा पदाचा शेवट जिथे होतो तिथे छेद. असे करण्यामागे तांत्रिक कारणही आहे. एमपीथ्री फाइल १,१५२ नमुन्यांच्या तुकड्यांनी, म्हणजे सुमारे २६ मिलिसेकंदांच्या पटीत बनते, तिच्या सुरुवातीला व शेवटी थोडी रिकामी जागा येते, आणि गाडीतली यंत्रे दोन फाइल्स अखंड जोडून वाजवत नाहीत. प्रत्येक सांध्यावर क्षणभर खंड पडतोच. तो संवादाच्या मध्यावर पडला तर वाक्य तुटते. झांज थांबून पात्र बोलायला उभे राहते त्या शांततेत पडला, तर कोणाच्या लक्षातही येत नाही. वेव्ह फाइल असेल तर ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या प्रोग्राममध्ये लेबले लावून सर्व भाग एकदम वेगळे निर्यात करता येतात. एमपीथ्रीच उरली असेल, तर एमपीथ्री डायरेक्ट कट या छोट्या प्रोग्रामने ती पुन्हा रूपांतर न करता कापता येते आणि दर्जा तसाच राहतो. मोनो ९६ किलोबिटने पाच तासांचे नाटक सुमारे २१६ एमबीत बसते, म्हणजे एका सीडीवर तीन नाटके मावतात. प्रत्येक नाटकाला मात्र स्वतंत्र फोल्डर द्यावा.

ऑडिओ सीडीवर भजनाची अखंड बारी घ्यायची असेल, तर हा खंड टाळता येतो. त्यासाठी राइट करताना ‘डिस्क अ‍ॅट वन्स’ ही पद्धत निवडून दोन ट्रॅकमधील अंतर शून्य ठेवावे. ‘ट्रॅक अ‍ॅट वन्स’ पद्धतीत प्रत्येक ट्रॅकमागे दोन सेकंदांची शांतता येते आणि गजराचा ताल तिथेच मोडतो.

आवाजाच्या चढउतारांचा प्रश्न गाडीत घरापेक्षा तीव्र होतो. घरात हळू आवाजातला संवादही ऐकू येतो. गाडीत इंजिन, टायर आणि पावसाळ्यात टपावर कोसळणारा पाऊस यांच्याखाली तो पूर्ण दबतो. आपल्याकडे दोन निरनिराळ्या अडचणी आहेत आणि त्यांचे उपायही निरनिराळे आहेत. एक पद मोठे आणि दुसरे लहान, ही अडचण एमपीथ्रीगेन या प्रोग्रामने सुटते. तो फाइलचे पुन्हा रूपांतर न करता तिच्यातली पातळी १.५ डेसिबलच्या पायऱ्यांनी वर-खाली करतो, त्यामुळे दर्जा घसरत नाही. त्याचे मूळ लक्ष्य ८९ डेसिबलचे असते. गाडीसाठी ते ९२ च्या आसपास न्यावे आणि ध्वनी फाटत असल्याची खूण तो ज्या फाइल्सवर दाखवेल, त्या ऐकून पाहाव्यात. पातळी लिहून ठेवणारे नुसते टॅग घालणारे प्रोग्राम इथे उपयोगी नाहीत, कारण गाडीतली यंत्रे सहसा ते टॅग वाचत नाहीत. सुट्या पदांसाठी प्रत्येक फाइल स्वतंत्र मोजावी. नाटकाच्या भागांसाठी मात्र संपूर्ण फोल्डर एक अल्बम मानून मोजावा, अन्यथा शांत प्रवेशाची पातळी युद्धाच्या प्रवेशाइतकी वर येते आणि नाटकाचा तोल जातो.

दुसरी अडचण एकाच फाइलच्या आतली आहे. आख्यानात एकाकी पात्राचे हळू बोलणे आणि त्यामागून पखवाज-झांजेचा कडकडाट, हा फरक एमपीथ्रीगेन मिटवू शकत नाही. त्यासाठी ऑडॅसिटीत वेव्ह फाइलवर कॉम्प्रेसर लावावा लागतो, म्हणजे मोठा आवाज थोडा खाली येतो आणि मग एकूण पातळी वर उचलता येते. हा परिणाम बेताने वापरावा. दोनास एक या प्रमाणापासून सुरुवात करावी आणि पखवाजाची थाप बोथट वाटू लागली की मागे यावे. कॅसेटवर वीजपुरवठ्याची ५० हर्ट्झची गुणगुण आली असेल, तर ८० हर्ट्झखालचा भाग गाळून टाकावा. गाडीत टायरांचा घरघराट त्याच पट्ट्यात असतो, त्यामुळे तिथे काही गमावल्यासारखे वाटत नाही. हे सर्व प्रवासाच्या प्रतीवर करावे, मूळ फाइलला हात लावू नये.

कोरी सीडी घेताना सीडी-आर घ्यावी, सीडी-आरडब्ल्यू नको. पुन्हा लिहिता येणारी डिस्क काटकसरीची वाटते, पण तिच्यावरून परत येणारा प्रकाश पंधरा ते पंचवीस टक्केच असतो, तर सीडी-आरवरून साठ-पासष्ट टक्क्यांहून अधिक येतो. जुन्या यंत्राचा लेझर वयाने मंदावलेला असला, तर हा फरक निर्णायक ठरतो. ९० किंवा ९९ मिनिटांच्या जादा क्षमतेच्या सीडी टाळाव्यात, डीव्हीडी तर गाडीतला सीडी-प्लेअर वाचतच नाही. राइट करण्याचा वेग १६ किंवा २४ पट ठेवावा. वेग जितका कमी तितके चांगले, हा समज आजच्या डिस्कच्या बाबतीत बरोबर नाही, कारण त्यांच्यावरचा रंगद्रव्याचा थर अति मंद गतीसाठी बनवलेला नसतो. सर्वोच्च वेग मात्र नक्कीच टाळावा. सीडी आतल्या कडेकडून बाहेर लिहिली जाते आणि बाहेरच्या कडेला बोटे, ओरखडे व डगमग यांचा त्रास सर्वाधिक होतो, म्हणून मी ६५० एमबीच्या पुढे भरत नाही. लॅपटॉपला बाहेरून जोडायचा रायटर असेल, तर तो हबमधून न लावता थेट लॅपटॉपला लावावा, कारण लिहिताना त्याला जास्त वीज लागते. राइट झाल्यावर पडताळणीचा पर्याय चालू ठेवावा.

डिस्कवर कागदी लेबल चिकटवू नये. उन्हाने गोंद सुटतो, लेबलाची कड उचलली जाते आणि फटीतून आत जाणारी डिस्क तिथेच अडकते. नाव लिहायचे, तर सीडीसाठीच्या मऊ टोकाच्या मार्करने लिहावे, बॉलपेनने कधीही नाही. पुष्कळांना वाटते की चकाकणारी खालची बाजू नाजूक आणि वरची बाजू मजबूत. वस्तुस्थिती उलट आहे. खालच्या बाजूला सुमारे १.२ मिलिमीटर जाडीचे पारदर्शक प्लास्टिक असते, माहितीचा थर मात्र वरच्या बाजूला वार्निशच्या पातळ थराखालीच असतो. खालचा ओरखडा पुष्कळदा चालून जातो, वरचा टोकदार ओरखडा माहितीच खरवडून काढतो.

आपल्या किनाऱ्याच्या हवेत डिस्कची आणि यंत्राचीही परीक्षा होते. रत्नागिरी-सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि जून ते सप्टेंबर बंद गाडीत दमटपणा साचून राहतो. सकाळी गाडी सुरू केल्याबरोबर डिस्क वाचली जात नसेल, तर भिंगेवर दव धरले असण्याची शक्यता असते. अशा वेळी डिस्क बाहेर काढून, एसी चालू ठेवून अर्धा-एक तास थांबावे. पुन्हा पुन्हा डिस्क घालून पाहू नये. कागदी पाकिटांना पावसाळ्यात बुरशी धरते, म्हणून डिस्क प्लास्टिकच्या डबीत ठेवाव्यात. जांभ्याची लाल धूळ खरखरीत असते. डिस्कवर ती बसली असेल, तर कापडाने चोळण्याआधी फुंकून किंवा साध्या पाण्याने धुऊन काढावी आणि मग मऊ कापडाने मध्यापासून कडेकडे सरळ पुसावे, गोल फिरवून नव्हे. गोल पुसताना उमटलेला ओरखडा माहितीच्या रेषेच्या दिशेनेच जातो आणि तोच दुरुस्त होणे सर्वांत कठीण असते. एप्रिल-मेच्या उन्हात सन-व्हायजरच्या पाकिटात ठेवलेल्या डिस्कचे रंगद्रव्य उजेडाने व उष्णतेने खराब होते आणि डिस्क वाकतेही. त्या पाकिटात डिस्क ठेवण्याची पद्धत सोडून द्यावी. उतरताना डबी पिशवीतून घरात न्यावी.

यापुढे कधी पेनड्राइव्ह चालणारे यंत्र बसवलेत, तर वरची नावांची, टॅगची आणि आवाजाची सर्व तयारी जशीच्या तशी कामास येईल. पेनड्राइव्ह एफएटी३२ मांडणीत फॉरमॅट केलेला असावा, आणि फाइल्स क्रमवारीने एकदमच कॉपी कराव्यात, कारण अनेक यंत्रे नावाच्या क्रमाऐवजी फाइल ज्या क्रमाने लिहिली गेली त्या क्रमाने वाजवतात.

आता पुढच्या डिस्कला लगेच सगळा संग्रह घेऊन बसू नका. दोन फोल्डर आणि त्यांत पाच-पाच पदे एवढीच एक छोटी डिस्क वर सांगितल्याप्रमाणे करावी आणि ती गाडी उभी असताना वाजवून पाहावी. ती वाचली गेली, नावे दिसली आणि क्रम बरोबर आला, तर त्याच पद्धतीने पूर्ण डिस्क करण्यास हरकत नाही. ती वाचली गेली नाही, तर त्याच कंपनीच्या कोऱ्या सीडीवर एक ऑडिओ सीडी करून पाहावी. ऑडिओ सीडी वाजली आणि एमपीथ्री वाजली नाही, तर मांडणीत किंवा फाइल्सच्या प्रकारात अजून काही राहिले आहे. दोन्ही वाजल्या नाहीत, पण दुकानातून विकत घेतलेली कारखान्यात छापलेली सीडी वाजते, तर कोऱ्या सीडीची कंपनी आणि राइट करण्याचा वेग बदलावा. विकत घेतलेली सीडीही सपाट रस्त्यावर अडखळत असेल, तर भिंग मळलेली आहे किंवा लेझर थकला आहे, आणि ती घाटातच तेवढी अडखळत असेल, तर यंत्राची मागची पट्टी सैल झाली आहे का, धक्के शोषणारे आतले रबर कडक झाले आहे का, हे कारागिराकडून पाहून घ्यावे. ब्रश लावलेल्या साफसफाईच्या डिस्क बाजारात मिळतात, त्या मात्र फटीतून डिस्क ओढून घेणाऱ्या यंत्रात वापरू नयेत; यंत्र उघडून भिंग हाताने पुसणे हेच सुरक्षित असते.